खिळ्यावरची किल्ली

तात्यांच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी झाली, त्याच वेळी संगणकाच्या पडद्यावर जिलेब्यांची चौकट चौथ्यांदा आली. टेक्निशियन वैशालीनं कीबोर्डवरचे हात उचलून कपाळाला लावले. काचेच्या पलीकडून डॉक्टर ओरडले, "गेले का फोटो?"

"नाही सर. नगरचं मशीन घेतच नाहीये."

"पुण्याच्या इंजिनिअरला लावा फोन."

"लावला सर. तो विमानात बसलाय. बंद लागतोय."

सी.टी.च्या टेबलावर तात्या घोरत होते. ते झोपेचं घोरणं नव्हतं. डोक्याला मार लागलेला माणूस असा घोरायला लागला की दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही हसू येत नाही. दारात त्यांची बायको उभी होती, हातात त्यांचा फुटलेला चष्मा. मी फडकं घेऊन कोपऱ्यात होते. फरशीवर रक्त सांडलं होतं आणि ते पुसणं माझं काम होतं. पडद्याकडं बघणं माझं काम नव्हतं. पण बघितलं.

माझं नाव पार्वती. गाव मला पारूबाई म्हणतं, दवाखाना मावशी म्हणतो. शाळा चौथीपर्यंत. खर्ड्याच्या रस्त्याला एका खासगी दवाखान्यात मी अठरा वर्षं सी.टी.ची खोली झाडली. त्या खोलीत धूळ चालत नाही, चपला चालत नाहीत आणि एसी बारा महिने चालू. मे महिन्यात सगळं गाव उकडत असताना मी दवाखान्यानं दिलेला स्वेटर घालून बाहेर यायची. बायका म्हणायच्या, पारूबाईला ताप हाय वाटतं. मी हो म्हणायची. खरं सांगितलं असतं तर सगळ्या जणी दुपारच्या तिथंच येऊन बसल्या असत्या.

आता कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सी.टी. मशीन डोक्याचे पावाच्या स्लाइससारखे पातळ काप दाखवतं. खरं कापत नाही, फोटोत कापतं. एका डोक्याचे दीड-दोनशे काप. ते बघून काय झालंय ते सांगणारे मोठे डॉक्टर नगरला. म्हणून फोटो इथून तिथं पाठवायचे. आमच्या मशीनशेजारचा संगणक लिनक्सवर चालायचा, नगरच्या डॉक्टरांचा विंडोजवर. हे दोन काय आहेत ते मला आजही कोणी विचारू नये. मला ती दोन गावं वाटतात. एका गावची रीत दुसऱ्या गावाला चालत नाही, आणि मधे पाहुण्याचे हाल.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे एक टेक्निशियन होता, फार टापटिपीचा. प्रत्येक फाइलच्या नावात तो वेळ टाकायचा, दहा वाजून पंचेचाळीस, मधे उभे दोन ठिपके. त्याची एकही फाइल नगरला उतरायची नाही. दुसऱ्या पाळीच्या बाईच्या सगळ्या उतरायच्या. तीन दिवस तो इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होता. मी झाडता झाडता दोघांची नावं पडद्यावर बघितली आणि म्हणाले, "तिच्या नावात ते दोन ठिपके न्हाईत." तो म्हणाला, "मावशी, ठिपक्यानं काय होतंय?" पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं की विंडोजच्या गावात नावात उभे दोन ठिपके चालतच नाहीत, लिनक्सला चालतात. टेक्निशियननं ठिपके काढले आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्रास झाला नाही. खोली शांत राहिली.

लोक म्हणतील, एवढं कशाला, मोबाईलवरून पाठवा. पाठवलं होतं. एका टेक्निशियननं एका बाईंच्या कमरेचा फोटो नगरऐवजी गावातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर सत्तावीस जणांनी हात जोडले. बाईंच्या नवऱ्यानं दवाखान्यात येऊन जे हात केले ते जोडलेले नव्हते. तेव्हापासून डॉक्टरांचा हुकूम, फोटो जाणार तर कुलूपबंद वाटेनंच जाणार. पेशंटचं नाव आणि त्याचं डोकं, दोन्ही त्याची खासगी मालमत्ता.

कुलूपबंद वाट म्हणजे काय? नगरच्या संगणकाला कुलूप. त्याची किल्ली आमच्या संगणकात. ही किल्ली लोखंडाची नसते, ती पण एक फाइलच. फोटो पाठवताना आपलं मशीन ती दाखवतं, तिकडचं दार उघडतं.

अठरा वर्षांत त्या खोलीत अकरा टेक्निशियन आले आणि गेले. इंजिनिअर कधी आलेच नाहीत, ते फोनवर असायचे. राहिले मशीन आणि मी. नवा माणूस आला की मलाच विचारायचा, "मावशी, मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय केलं होतं?" म्हणून मी वही केली. इंग्रजी वाचता येत नाही, पण रांगोळी बघून उतरवता येते तशी अक्षरं उतरवता येतात. पडद्यावर जे दिसेल त्याची पहिली ओळ चित्रासारखी काढायची आणि शेजारी मराठीत लिहायचं, काय केल्यावर गेलं.

त्या वहीत दोन जिलेब्या होत्या. ईमेलच्या पत्त्यात असतं ना ते वाटोळं चिन्ह, शेपूट गुंडाळलेलं, त्याच्या ओळीच्या ओळी पडद्यावर येतात आणि मधे इंग्रजीत दम दिलेला असतो. तीच जिलेब्यांची चौकट. ती दोन कारणांनी येते आणि चौकट दोन्ही वेळा सारखीच.

पहिली जिलेबी म्हणजे, दार ओळखीचं आहे पण आतला माणूस वेगळा दिसतोय. नगरला संगणक बदलला की ही येते. वहीत लिहिलं होतं: नगरला फोन कर, बदलला का विचार. व्हय म्हणाले तर जुनी ओळख पूस. न्हाई म्हणाले तर हात लावू नको, कोणीतरी चोर मधे बसला असेल.

दुसरी जिलेबी म्हणजे, तुझी किल्ली उघड्यावर पडली आहे. लिनक्स या बाबतीत खाष्ट सासू आहे. किल्लीची फाइल मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला बघता येत असेल तर तो ती किल्ली वापरायलाच नकार देतो. तसा इंग्रजीत एक आकडा दाखवतो. सुरुवातीचं शून्य सोडलं तर तीन आकडे. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या घरच्यांचा, तिसरा सगळ्या गावाचा. सात म्हणजे वाटेल ते करा. शून्य म्हणजे बघूसुद्धा नका. किल्लीला सहाशे लागतं. मालकाला सहा, म्हणजे वाचणं आणि लिहिणं, बाकी सगळ्यांना भोपळा.

आता माझी चूक सांगते. ती मी केली आणि वर भांडून केली.

त्या खोलीच्या दाराशेजारी एक फळी होती, तिला खिळे. जनरेटरची किल्ली, ॲम्ब्युलन्सची किल्ली, औषधाच्या कपाटाची किल्ली, संडासची किल्ली. सगळ्या तिथं. फळी मीच ठोकून घेतली होती. आमच्याकडे घराची किल्ली शेजारी नाहीतर चौकटीवर, सगळ्या आळीला माहीत. किल्ली खिशात घालून फिरणारा माणूस गावाला गेला की दार फोडावं लागतं. म्हणून मी एका टेक्निशियनला म्हणाले, ती फोटोची किल्ली पण एका पेन ड्राइव्हवर घे आणि इथं खिळ्याला लटकव. त्यानं लाल दोरा बांधून लटकवली.

पुण्याच्या इंजिनिअरला कळलं तेव्हा तो फोनवर किंचाळला. "मावशी, ती किल्ली आहे! पेन ड्राइव्हवर नका ठेवू!"

"मग काय उशाशी घेऊन झोपू?"

"अहो, आणि पेन ड्राइव्हला मालक कळत नाही!"

"माझ्या नवऱ्यालाबी कळत नव्हता. तरी संसार झाला."

तो हसला आणि विषय संपला. माणसाला हसवलं की तो मुद्दा सोडतो, हे मला आयुष्यभर उपयोगी पडलं. त्या दिवशी पडायला नको होतं. त्याचं वाक्य मी वहीत लिहिलं नाही.

तात्यांचं सांगायचं राहिलं. तात्या म्हणजे गावातलं प्रस्थ. वय तेव्हा एकाहत्तर, पांढरे कपडे, प्रत्येक समितीवर नाव. एकदा गुडघा दाखवायला आले, आणि मी टेक्निशियनला वही वाचून दाखवत होते ते त्यांनी बघितलं. घरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिला. चौथी शिकलेली झाडूवाली लाखोंच्या यंत्रावर बसते, रुग्णांच्या जिवाशी खेळ चालला आहे, तिला ताबडतोब काढा. खाली सही, सहीखाली तीन पदं. डॉक्टरांनी अर्ज मला वाचून दाखवला आणि विचारलं, "मावशी, काय करू?" मी म्हणाले, "यंत्रावर बसत न्हाई म्हणावं, शेजारी उभी ऱ्हाते." अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. तात्या मात्र त्यानंतर दवाखान्यात आले की मला ऐकू जाईल असं विचारायचे, "काय, मोठ्या मॅडम आल्या का?"

तर तात्यांचा वाढदिवस होता. चौकात त्यांचा फ्लेक्स लागला होता. पोरांनी लावला तो वीजमंडळाच्या पेटीआड गेला आणि तात्यांचं अर्धं तोंड झाकलं. तात्यांना ते सहन झालं नाही. स्वतः शिडी लावून चढले, स्वतःच्याच फोटोचा कोपरा ओढला आणि फ्लेक्ससकट खाली आले. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आणलं तेव्हा बोलत होते. मला बघून म्हणाले, "हिला हितून बाहेर काढा." मग ओकले, मग झोपल्यासारखे झाले, मग घोरायला लागले.

डॉक्टर आमचे हुशार, पण पोटाचे सर्जन. फोटोत डाव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साठलेलं त्यांनाही दिसत होतं. त्याच रक्ताच्या दाबानं त्या बाजूची बाहुली मोठी होत होती. पण नगरपर्यंत गाडीत टिकतील की इथंच डोक्याला भोक पाडून रक्त काढायचं, आणि पाडायचं तर नेमकं कुठं, हे मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो बघितल्याशिवाय ते ठरवणार नव्हते. नगरचे डॉक्टर फोन धरून बसले होते. त्या दिवशी हुकूम बाजूला ठेवून मोबाईलवरून पडद्याचे फोटोही पाठवले. ते म्हणाले, "यात ट्यूबलाइट दिसतेय. रक्त कुठलं आणि ट्यूबलाइट कुठली ते मी कसं सांगू? मूळ फाइली पाठवा, लवकर."

मूळ फाइली जात नव्हत्या. आदल्याच दिवशी आमच्या संगणकाची डिस्क जळाली होती. नवी बसवून इंजिनिअरचा माणूस गेला होता, आणि जुनी किल्ली डिस्कबरोबर गेली. म्हणून वैशालीनं खिळ्यावरचा पेन ड्राइव्ह काढला, लावला आणि मशीनला सांगितलं, किल्ली इथून घे.

वैशाली राहुरीची, बी.एस्सी. झालेली, कामाला चोख. इंग्रजी तिला उत्तम येतं. पण घाईत माणूस वाचत नाही, ओळखतो. मागच्याच आठवड्यात नगरला संगणक बदलला होता आणि पहिली जिलेबी आली होती. तीच आली असं धरून ती जुनी ओळख पुसत होती आणि पुन्हा पाठवत होती. पुसत होती, पाठवत होती. चार वेळा.

मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मला बघावं लागतं. चौकटीखाली आकडा होता. आकडे मराठी काय आणि इंग्रजी काय, चौथीत दोन्ही शिकवतात.

"वैशाली, ही दुसरी जिलेबी हाय."

"मावशी, आत्ता नको ना."

"खाली बघ. सातशे सत्याहत्तर."

तिनं बघितलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली, ते इथं लिहीत नाही. मग पटकन किल्लीला सहाशे करायची आज्ञा टाईप केली. मशीननं काही तक्रार केली नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा जिलेब्या. आकडा तोच, सातशे सत्याहत्तर. पुन्हा सहाशे केलं. पुन्हा सातशे सत्याहत्तर.

"ऐकतच नाहीये मावशी. हो म्हणतंय आणि करत नाहीये."

काचेपलीकडून डॉक्टर म्हणाले, "बाहुली अजून वाढली. मी दहा मिनिटं थांबतो, मग गाडीत घालतो. जे होईल ते."

दारातून तात्यांची बायको बोलली. "पारूबाई, मला खरं सांगा. तुमच्या त्या यंत्राला कळतंय का काई?"

"यंत्राला कळतंय वहिनी. आमालाच कळंना."

"मग त्येला विचारा की."

"विचारतेच हाय."

"ह्यांनी तुमचा अर्ज केल्ता. म्हणून तर तुमी..."

"वहिनी," मी म्हणाले, "अर्जाचा राग यायला मानूस जित्ता लागतो. त्येला आधी उठू द्या."

हे बोलता बोलता माझी नजर फळीवर गेली. एक खिळा रिकामा होता. आणि पुण्याच्या इंजिनिअरचं ते न लिहिलेलं वाक्य आठवलं. पेन ड्राइव्हला मालक कळत नाही.

तो पेन ड्राइव्ह विंडोजच्या गावचा होता. त्या गावाहून आलेल्या पिशवीत कोणाचं काय याची चिठ्ठी लिनक्सला सापडत नाही. धर्मशाळेसारखं, सगळ्या खोल्या सगळ्यांना उघड्या. तिथं सहाशे म्हणून कितीही ओरडा, लिहून ठेवायला जागाच नाही. नगरचं दार बंद नव्हतंच. आमचंच मशीन माझी खिळ्यावरची किल्ली हातात घ्यायला तयार नव्हतं, आणि त्याचं बरोबर होतं.

"वैशाली, किल्ली पेन ड्राइव्हवरनं काढ. मशीनच्या आत, त्याच्या सोताच्या घरात ठेव. मग सहाशे कर."

"त्यानं काय होणार?"

"घरात मालक असतो. पिशवीत नसतो. कर."

तिनं केलं. नक्कल आत घेतली, सहाशे केलं, बघितलं. आकडा सहाशेच राहिला. पाठवलं. जिलेब्या आल्या नाहीत. नुसती एक ओळ आली आणि टक्के पळायला लागले. तीन, सात, बारा. आमच्याकडचं इंटरनेट कसं आहे ते लिहायला नको. चाळीसवर ते थांबलं तेव्हा वैशालीनं माझा हात धरला. मी म्हणाले, "ओल्या फडक्याचा हात हाय, सोड." मग ते पुढं सरकलं.

शंभर झाल्यावर दोन मिनिटांत नगरहून फोन आला. डॉक्टरांनी स्पीकरवर टाकला. "गाडीत घालू नका. वाटेतच जातील. कानाच्या पुढं दोन बोटं आणि वर दोन बोटं, तिथं भोक पाडा. मी फोनवर आहे." डॉक्टरांनी पूर्वी एकदाच असं केलेलं होतं, शिकत असताना, शेजारी गुरुजी उभे असताना. आज गुरुजी फोनमध्ये होते. आमच्या डॉक्टरांनी हात धुतले.

तात्यांचे केस मी काढले, अर्ध्या डोक्याचे. न्हावी बोलवायला वेळ नव्हता आणि अठरा वर्षांत तेही शिकले होते.

पुढचं मी बघितलं नाही. मला फरशी पुसायची होती, ती अजून तशीच होती. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि तात्यांच्या बायकोला म्हणाले, "बाहुली परत लहान झाली." तिला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टर हसले ते कळलं. ती खाली बसली आणि तो फुटलेला चष्मा पदरानं पुसत राहिली. मग नगरहून गाडी आली आणि तात्या पुढच्या उपचाराला नगरला गेले.

इंजिनिअरचा फोन दुपारी लागला. सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, खिळा काढा."

मी म्हणाले, "खिळ्यावर किल्ली नसती तर आज लावायला कुठली आणली असती तुमी?"

खिळ्यानं घात केला आणि खिळ्यानंच किल्ली दिली. शेवटी एक नक्कल डॉक्टरांच्या तिजोरीत गेली आणि वहीत मी मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी घरात घे, मग सहाशे कर. रिकाम्या खिळ्याला कॅलेंडर लावलं.

ती वही आता वैशालीकडं आहे. तिनं ती नीट टाईप करून घेतली आणि त्यात जिलेबी हा शब्द तसाच ठेवला. मला निवृत्तीला शाल आणि नारळ मिळाला. स्वेटर मी स्वतःहून परत केला नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. चौकट पहिल्यांदा आल्यापासून फाइली सुटेपर्यंत जवळजवळ पाव तास गेला. तो माझ्या फळीनं खाल्ला. तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, त्या पाव तासाचा आणि बोटांचा संबंध असेलच असं नाही. मी म्हणते, असेल. डॉक्टर चांगले आहेत म्हणून तसं म्हणतात.

त्या अपघातानंतर दोन महिन्यांनी तात्यांचा दुसरा अर्ज आला: माझे केस वाकडे कापले, वाढदिवसाचे फोटो वाया गेले, संबंधितावर कारवाई व्हावी. अक्षर बायकोचं होतं, कारण बोटं चालत नव्हती. सही मात्र त्यांची स्वतःची होती, थरथरती, खाली तीन पदं. पाठीमागं बायकोनं वेगळ्या शाईत एक ओळ लिहिली होती: पारूबाई, ह्यांचं मनावर घेऊ नका, पहिला अर्ज मी फाडायला सांगितला तर म्हणतात राहू दे.

पहिला अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. दुसराही आहे. तात्या जगले.